डाव्या हाताचं सूत

मी पांघरते त्या घोंगडीच्या एका टोकाला वीतभर पट्टा चुरमडलेला आहे. बाकीची घोंगडी सरळ, काळी, अंगाला बसलेली; तेवढाच भाग आक्रसलेला, आणि उन्हात धरली तर त्याची झाकही वेगळी दिसते. गेल्या हिवाळ्यात शहरातून एक बाई माल बघायला आल्या होत्या. माझी नात शीतल आता हे सगळं बघते, फोनवर फोटो काढून पाठवते, आणि लोक देवगाव फाट्यावर उतरून आमचा पत्ता विचारत येतात. त्या बाईंनी नव्या घोंगड्या बाजूला सारल्या आणि नेमकी माझ्या बाजेवरची उचलली. म्हणाल्या, आजी, ही डिझाइन फार वेगळी आहे, अशा दहा करून द्याल का? शीतलचे डोळे चमकले. मी म्हटलं, बाई, हा पट्टा उमटायला घरात एक आई लुळी पडावी लागते आणि तिच्या पोरीला खोटं बोलावं लागतं. म्हातारी गंमत करते असं वाटून त्या हसल्या. शीतल नंतर दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिला तोंडानं सांगायला बसले तर माझ्याच्यानं पुढं बोलवेना, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमचं घर वालूरपासून पायी तासाभरावरच्या एका लहान गावात होतं. तीन खणांचं मातीचं घर, आणि त्यातला सगळ्यात उजेडाचा खण माणसांना नव्हता, मागाला होता. तिथं जमिनीत गुडघाभर खोल खड्डा होता. आबा, म्हणजे माझे वडील, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि सकाळची न्याहारी झाली की धोटा इकडून तिकडं पळायला लागायचा. धोट्याची सरसर, फणीचा ठोका, पुन्हा सरसर. हा आवाज मध्येच थांबला की घरात काहीतरी झालंय हे शेजाऱ्यांनाही कळायचं. बाहेर पडवीत लोकर पिंजायची कमान टांगलेली असे, तिचा टणटण आवाज वेगळा. पिंजताना लोकरीचे बारीक केस हवेत उडत आणि कशावरही बसत, पाण्याच्या घागरीवर, ज्वारीच्या पिठावर, आमच्या पापण्यांवर. येसराच्या आमटीत केस निघाला तर आमच्याकडं कोणी काही म्हणत नसे, काढून टाकून पुढं जेवत. पाहुणे मात्र ताटाकडं बघत राहत, आणि माय काही न कळल्यासारखं दाखवून त्यांना आणखी एक भाकरी वाढे.

उन्हाळ्यात गावातल्या बाया चिंचा फोडत, तेव्हा त्यांच्याकडचे चिंचोके आमच्या घरी येत. घोंगडीच्या उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, लावायची खळ चिंचोक्यांची असते. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, भिजवून पाट्यावर वाटायचे आणि मोठ्या पातेल्यात शिजवायचे. भाजताना मी मूठभर चिंचोके ओच्यात लपवायची आणि दिवसभर दाताखाली फोडत बसायची. माझ्या दाढा इतक्या लवकर कशा गेल्या असं डॉक्टर विचारतात तेव्हा मला ते चिंचोके आठवतात, पण मी काही सांगत नाही. घरासमोरच्या मोकळ्या जागेत खुंट्या ठोकून ताणा बांधला जायचा आणि आबा कुंच्यानं त्याच्यावर खळ चोपडत मागं-पुढं चालायचे. खळ वाळली की धागा कडक होतो, विणताना तुटत नाही. पण असा खळ लावलेला ताणा मागावर फार दिवस ठेवता येत नाही. चिंचोक्याच्या वासाला उंदीर येतात आणि महिन्याचं काम कुरतडून ठेवतात. म्हणून ताणा एकदा मागावर चढला की घरात सणवारसुद्धा जरा दमानं होत.

विणणं आबांचं, पण घोंगडीचं नाव व्हायचं ते मायच्या सुतामुळं. तिच्या डाव्या हातात लोकरीचा पेळू असे आणि उजव्या तळव्याखाली टकळी. उजव्या मांडीवर टकळीला एक झटका द्यायचा, ती फिरत राहते, आणि तेवढ्यात डाव्या हातानं लोकर बेताबेतानं सोडत न्यायची. भाकऱ्या थापायचा वेळ सोडला तर तिच्या हातात टकळी नाही असं मला आठवतच नाही. ती कातता कातता भांडायची, कातता कातता रडायची, चुलीवरच्या कण्या करपायला लागल्या तर टकळीच्या टोकानं मला तिकडं जायची खूण करायची. दूरदूरचे धनगर आपल्या मेंढ्यांची लोकर घेऊन आमच्याकडं यायचे आणि म्हणायचे, विणा कोणीही, पण सूत गोदाच्या मायचं पाहिजे. गोदा म्हणजे मी. आबांना हे ऐकून वाईट वाटत नसे. उलट ते गिऱ्हाइकाला मायच्या सुताचा गोळा हातात देऊन म्हणायचे, बगा, कुटं गाठ लागती का.

आणि अशा बाईच्या पोटी मी डावखुरी निपजले. जेवताना डावा हात पुढं गेला की त्याच्यावर पळी बसायची, त्याची मला सवय झाली होती. कातायच्या बाबतीत मात्र माय पळीवर थांबली नाही. मी टकळी धरायला लागले तसा ती माझा डावा हात मनगटाशी चिंधीनं बांधून टाकायची, असा की बोटांत पेळू धरता येईल पण टकळी फिरवता येणार नाही. मी रडायची. डावा हात अशुभ, डाव्या हातानं देवाला फूल वाहू नये, त्यातलाच हा प्रकार असं मी समजत होते. एकदा चिडून विचारलं तर ती म्हणाली, "गोदे, डावं सूत उजव्यात नांदत न्हाई." एवढंच. का नांदत नाही हे तिनं सांगितलं नाही. तिला तिच्या आईनं सांगितलं नव्हतं. आज मला ते समजावून सांगता येतं. उजव्या हाताच्या टकळीचा पीळ एका अंगाला पडतो, डाव्या हाताच्या टकळीचा त्याच्या उलट. कोरडं असताना दोन्ही सुतं सारखीच दिसतात. पाणी लागलं की जो तो आपापल्या अंगाला ओढतो. पुढं मोठी झाल्यावर मी एक घोंगडी ताण्याबाण्यासकट सगळी डाव्या सुताचीच करून पाहिली, ती सपाट निघाली. दोष हाताचा नव्हता, मिसळण्याचा होता. पण हे सांगायला तेव्हा माय राहिली नव्हती.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या कातरणीला येसूमामा आला. हा आमचा सख्खा मामा नव्हे. दीडएकशे मेंढरांचा धनी, डोक्याला लाल पटका, आणि मेंढरांमागं चालताना स्वतः सूत कातत जाणारा. मायला तो ताई म्हणायचा म्हणून आमचा मामा. त्यानं एक लहान गठुडं मायपुढं सोडलं. कोकरांची पहिली लोकर होती ती, आमच्यात तिला जावळ म्हणतात. हात घातला तर हाताला काही लागल्यासारखंच वाटत नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "माज्या रुक्मीचं माघात लगीन हाय. आमच्या घरची रीत तुला ठावं हाय. पोरीला सासरी धाडताना बापाच्या कळपातल्या जावळीची घोंगडी द्यायची. तुज्याच हातचं सूत पाहिजे."

मायनं गठुड्यातली थोडी लोकर गालाला लावून पाहिली. "रुक्मीला मी उघडी पाठवीन व्हय रे," ती म्हणाली.

ताणा तिनं कातला, आबांनी खळ लावून मागावर चढवला आणि विणायला घेतला. आडव्या सुताचे, म्हणजे बाण्याचे, गोळे माय रोज एक-दीड देत होती. शेवटची वीतभर सोडली तर घोंगडी विणून झाली होती. एका सकाळी माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटायला तिनं हात पुढं केला आणि हात तिथंच पडला. मी म्हटलं, माय, भाकरी जळायलीय. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मागाचा आवाज थांबला. त्यानंतर काय धावपळ झाली ती मला तुकड्या-तुकड्यानं आठवते, पण ती अर्धी जळालेली भाकरी मला अख्खी आठवते.

आबांनी तिला बैलगाडीतून देवगाव फाट्याला नेलं आणि तिथून एसटीनं परभणीच्या दवाखान्यात. गाडीत बसायच्या आधी ते मागाच्या खणात गेले, विणलेल्या घोंगडीवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बाण्याला चार गोळे कमी पडायलेत. म्या येस्तोवर व्हतील तेवढे कात. घाई करू नको. उजव्या हातानं." मी मान डोलावली. शेजारच्या पार्वताकाकू माझ्या सोबतीला येऊन राहिल्या.

दोन दिवस मी उजव्या हातानं कातलं. चिंधी मीच दातानं ओढून डाव्या मनगटाला बांधली होती, मायनं बांधली असती तशी. सूत कुठं दोरीएवढं जाड, कुठं तुटेल इतकं बारीक. इतक्या वर्षांत मायच्या धाकानं जेवढं आलं होतं तेवढंही आता येईना. टकळी मांडीवरून घसरायची, धागा तुटायचा, जावळीचे पुंजके मातीत पडायचे, ते मी वेचून पुन्हा पिंजायची. लोकर मोजकीच होती, आणि ती अशी वाया चालली होती. तिसऱ्या दिवशी पार्वताकाकू म्हणाल्या, "गोदे, मागाखाली लेंड्या दिसाल्यात गं. उंदीर लागले की काय." मी जाऊन पाहिलं, खरंच होत्या. ताण्याचा एक कोपरा चाटल्यासारखा दिसत होता. मी बाहेर येऊन बसले आणि चिंधी सोडली.

खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. डाव्या हातानं टकळीला झटका दिला आणि ती जी फिरली ती हवी तेवढी फिरली. उजव्या बोटांतून लोकर आपोआप सुटत गेली. सूत सारखं, बारीक, गाठ नाही की फुगा नाही. मायनं कातावं तसं. मी कितीतरी वेळ ते बोटांत धरून बघत राहिले. दोन दिवसांत चार गोळे झाले. एवढी साधी गोष्ट मायनं मला इतकी वर्षं करू दिली नाही म्हणून मला तिचा रागही आला. ती तिकडं दवाखान्यात पडलेली आणि मी इकडं तिच्यावर रागावलेली.

आठ-दहा दिवसांनी आबा मायला घेऊन आले. तिचं उजवं अंग गेलं होतं. हात लोंबत होता, पाय ओढावा लागत होता, आणि बोलायला गेली की घशातून नुसता आवाज निघे. दोन-चारच शब्द तिला धड यायचे. आण, गोदे, न्हाई. आबांनी तिला मागाच्या खणात, उजेडाला, बाजेवर निजवलं. मग त्यांना ते चार गोळे दिसले. त्यांनी एक उचलला, बोटांनी सूत तपासलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "हे कुणाचं गं?"

मी कातलं म्हणाले असते तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, कोणत्या हातानं. मी म्हटलं, "मायचंच हाय. कणगीमागं ठिवलेले सापडले." आबा थकलेले होते. त्यांनी मान डोलावली, खड्ड्यात उतरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घोंगडी पुरी करून मागावरून उतरवली.

विणून झालेली घोंगडी ओढ्यावर नेऊन धुवावी लागते. खळ निघून जाते आणि पायानं तुडवली की वीण दाटते. आबा तुडवत होते, मी पाणी घालत होते. खळीचं पिवळं पाणी निघून गेलं, आबांनी घोंगडी खडकावर पसरली आणि आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. आबांनी सोबत आणलेली भाकरी-ठेचा मला दिला. मी पहिला घास मोडला तेव्हा आबा उठून खडकाकडं गेले. एका टोकाची वीतभर जागा आक्रसायला लागली होती. त्यांनी ती हातानं ओढली, कडेला दगड ठेवले, पुन्हा भिजवली, पुन्हा ओढली. ऊन चढत गेलं तसा पट्टा आणखी चुरमडला. आबांनी तो उलटसुलट पाहिला. मग घोंगडी घडी घालून खांद्यावर टाकली आणि घराकडं चालायला लागले. मला तेव्हा कळलं की डावं सूत उजव्यात नांदत नाही म्हणजे काय.

तिसऱ्या दिवशी येसूमामा वालूरचा बाजार करून आला. आधी मायच्या बाजेपाशी तिचा गेलेला हात आपल्या हातात धरून बसला. पार्वताकाकू मायला कण्या भरवत होत्या. आबांनी घोंगडी आणून त्याच्यासमोर उलगडली आणि पट्टा दाखवला. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती.

"येसू, माल बिघडलाय. मी काई लपवत न्हाई," आबा म्हणाले. "सूत हिचंच हाय. दुखणं यायच्या आदी हात फिरला आसंल, आमच्या ध्यानात आलं न्हाई."

येसूमामानं कडेचा एक धागा ओढून काढला, बोटांत धरून उलगडला आणि खाली टाकला. मायनं डावा हात पुढं करून "आण" म्हटलं. आबांनी घोंगडीचं ते टोक तिच्या हातात दिलं. तिनं अंगठ्यानं पट्टा चाचपला, एकदा एका अंगाला, एकदा दुसऱ्या. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी उंबऱ्याशी ज्वारी निवडत बसले होते. मी सुपात बघितलं. आता माय बोलेल, दोन शब्दांत बोलेल, असं मला वाटलं. तिनं घोंगडीचं टोक सोडलं आणि डोळे मिटून घेतले.

आबांनी विचारलं, आता रुक्मीचं काय. येसूमामा म्हणाला, "औंदाची निम्मी जावळ मी मपल्या घोंगडीसाठी ठिवली व्हती. ती आणून टाकतो. माजी फाटकीच चालंल एवढा हिवाळा." बिघडलेली घोंगडी त्यानं नेली नाही. आबांनी ती मायच्या अंगावर घातली.

गावात बातमी पसरायला काय लागतं. दोन दिवसांत हापशावर बाया बोलायला लागल्या की गोदाच्या मायचा हात दुखण्याआधीच गेला होता, उगाच इतके दिवस नाव चाललं. एका बाईनं आमच्याकडं कातायला टाकलेली लोकर परत नेली. ती नेताना माय जागी होती. वीस-पंचवीस वर्षं जे नाव तिनं मांडीवर टकळी घासून मिळवलं होतं ते माझ्या एका वाक्यानं गेलं, आणि ती बाजेवर पडून ते जाताना बघत होती. मी घागर डोक्यावर घेऊन सगळ्या बायांमधून खाली मान घालून यायची. बोलावं असं रोज ठरवायची आणि रोज राहून जायचं. आज या वयातही कुणी माझं कौतुक करायला लागलं की मला तो हापसा आठवतो.

येसूमामानं लोकर आणून दिली. आबा म्हणाले, वालूरात एक कातणारीण आहे, तिच्याकडून करून घेतो. माय एकदम मोठ्यानं म्हणाली, "न्हाई." मग मला म्हणाली, "गोदे." तिनं डाव्या हातानं बाजेची कड थोपटली. मी जवळ गेले. तिनं पेळू मागितला, आपल्या डाव्या हातात धरला आणि नजरेनं मला टकळी घ्यायला सांगितलं. मला आधी समजलं नाही. मग लक्षात आलं. सूत कातायला एक डावा हात लागतो लोकर सोडायला आणि एक उजवा लागतो टकळी फिरवायला. तिचा डावा शाबूत होता. उजवा माझ्याकडं होता.

बाजेवर तिला भिंतीशी टेकवून बसवायचं, मी तिच्या डाव्या अंगाला तिला चिकटून बसायचं. तिचा हात माझ्या खांद्यावरून पुढं येई. मी माझ्या उजव्या मांडीवर टकळीला झटका द्यायची, ती वरून लोकर सोडायची. पहिले दिवस आमचं काही जमलं नाही. माझा झटका कमी पडला की ती खांद्यानं मला ढोसायची, जास्त झाला की "न्हाई" म्हणायची. तिच्या तोंडाच्या कडेनं लाळ गळून माझ्या मानेवर पडायची, मी पुसायची, ती तोंड फिरवायची. पण चार-सहा दिवसांत माझा हात तिच्या हाताच्या चालीला लागला. ती किती लोकर सोडणार हे तिच्या श्वासावरून मला आधीच कळायला लागलं. शेतात हुरडा आला होता, आबा गरम हुरडा आणून आम्हा दोघींच्या मध्ये ठेवायचे, आणि आमच्यापैकी कुणाचाच हात मोकळा नाही हे बघून स्वतःच आम्हाला भरवायचे. माझ्या बालपणीचं मायचं अंग मला आठवतं ते तेवढ्या महिन्याचं. त्याआधी मी तिच्या इतक्या जवळ कधी बसले नव्हते, आणि सगळा वेळ माझ्या पोटात ते खोटं होतं.

माघ लागायच्या आधी दुसरी घोंगडी झाली. ओढ्यावर धुतली, खडकावर वाळवली, पाण्यासारखी सपाट पडली. येसूमामा न्यायला आला तेव्हा पार्वताकाकूही आल्या होत्या. त्यांनी घोंगडीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरीनं लाज राखली बाई. न्हाई तर मायनं घालीवलीच व्हती."

त्या वाईट नव्हत्या. माझ्यासाठी आठ-दहा दिवस घरदार सोडून राहिल्या होत्या. पण ते वाक्य मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "काकू, मायनं न्हाई. पयल्या घोंगडीचे चार गोळे मी कातले व्हते. डाव्या हातानं. कणगीमागं काईच नव्हतं. मी खोटं बोलले."

येसूमामा मायकडं वळला. "ताई, पोरगी म्हणती ते खरं हाय का?"

मायनं जोरानं मान हलवली. "न्हाई," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "न्हाई, न्हाई." आणि चांगला हात छातीवर ठेवून स्वतःकडं बोट दाखवलं, की माझंच होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. माझी माय कधी खोटं बोलल्याचं मी पाहिलेलं ते तेवढंच.

येसूमामा खाली बसला. "ताई, मी रानात हिंडताना सूतच कातत आसतो ना," तो म्हणाला. "त्या दिशी धागा उलगडला तवाच कळलं. उलटा पीळ व्हता. तुज्या हाताला उलटा पीळ जन्मात पडायचा न्हाई. ह्या घरात डावं कोन हाय ते बी मला ठावं हाय."

"मंग बोललास कामून न्हाई?" आबांनी विचारलं.

"पोरगी बोलंल म्हणून वाट बगत व्हतो." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "लय उशीर केलास. पर बोललीस. आता रानारानात मी सांगीन, ताईचं सूत बिघडलं नव्हतं म्हणून." त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली, मायच्या पायाला हात लावला आणि निघाला. फाटकी घोंगडी त्याच्या अंगावर होती, पाठीत दोन ठिकाणी आतला सदरा दिसत होता.

पार्वताकाकू पदर तोंडाला लावून हळूच गेल्या. आबा मायच्या उशाशी उभे राहिले. "म्या तुजं नाव घेतलं," एवढंच म्हणाले, आणि जाऊन मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले. मागावर काही नव्हतं. ते तसेच बसून राहिले.

मी आता मार खायच्या तयारीनं बाजेशी गेले. मायनं डावा हात पुढं केला. मी सवयीनं उजवा दिला, तो तिनं बाजूला सारला. तिनं माझा डावा हात धरला. ज्या मनगटावर चिंधीचा वळ कायमचा पडला होता तिथं तिनं अंगठा फिरवला, एकदा एका अंगाला, एकदा दुसऱ्या, घोंगडीवर फिरवला होता तसा. आमचे दोन डावे हात बराच वेळ तसेच होते. माझ्या कळत्या वयात तिनं तो हात मारायला किंवा बांधायलाच धरला होता. मी रडत होते, ती रडत नव्हती. मग तिनं तो हळूच सोडला, उशाजवळची टकळी उचलली आणि माझ्या उजव्या हाताकडं सरकवली.